नाचता नाचता छप्पर

मुलांनो, एक चित्र डोळ्यांपुढे आणा. पांढऱ्याशुभ्र, जाडजूड भिंतींची एक जुनी इमारत. तिच्या सपाट गच्चीवर बायका आणि पुरुष दोन रांगा करून समोरासमोर उभे आहेत. प्रत्येकाच्या हातात एक लांब काठी आणि काठीच्या खालच्या टोकाला चपटा, गोल दगड. कुणीतरी गाण्याची ओळ उचलतं, बाकीचे ती झेलतात आणि सगळ्या काठ्या एकदम खाली येतात. धप्! मग एक पाऊल बाजूला, कमरेत हलकासा झोका, काठी वर आणि पुन्हा धप्!

बघणाऱ्याला वाटेल, काय सुंदर नाच चाललाय! नाचच आहे तो. पण ही मंडळी त्याच वेळी गच्ची बांधताहेत.

हे दृश्य तिबेटमधलं. तिथल्या डोंगरांत चुन्याचा अंश असलेला ठिसूळ दगड आणि माती मिळते, तिला 'आर्का' म्हणतात. मठांच्या, वाड्यांच्या, अगदी ल्हासाच्या प्रचंड पोताला राजवाड्याच्या गच्च्यासुद्धा या आर्काच्याच. आधी आर्काचे मोठे तुकडे पसरायचे, पाणी शिंपडायचं आणि ठोकायचं. मग त्यावर बारीक खडीचा थर, पुन्हा पाणी, पुन्हा ठोकणं. मग त्याहून बारीक. असं दिवसच्या दिवस चालतं. शेवटी गुळगुळीत दगडांनी घासायचं, एल्म नावाच्या झाडाच्या सालीचा चिकट रस लावायचा आणि त्यावर तेल चोळायचं. मग ती गच्ची अशी चकाकते की पॉलिश केलेला दगडच वाटावा!

पण इतकं ठोकायचं कशाला? नुसतं थापून चालणार नाही का?

नाही चालणार. खडीच्या दाण्यांमध्ये बारीक बारीक पोकळ्या असतात. त्या तशाच राहिल्या तर पाणी आत शिरतं. तिबेटमध्ये हिवाळ्याच्या रात्री पाण्याचा बर्फ होतो आणि बर्फ होताना पाणी साधारण ९ टक्के फुगतं. बाटलीत काठोकाठ पाणी भरून ती फ्रीझरमध्ये ठेवली तर बाटली फुगते किंवा फुटते ना, तेच कारण. पोकळीतलं पाणी फुगलं की गच्चीला तडा. पुढच्या रात्री तडा आणखी रुंद. म्हणून पोकळ्याच ठेवायच्या नाहीत! ठोकून ठोकून दाणे एकमेकांत घट्ट बसवायचे.

आपल्याकडेही मातीच्या घराची जमीन धुम्मसाने चोपून घट्ट करत. तुमच्या पणजीला विचारा, धुम्मस धरून हात कसे भरून येतात ते. आता तेच काम शेकडो हात लांब-रुंद गच्चीवर करायचं आहे, असं समजा. एक जण जोरात ठोकतो, दुसरा हळू, तिसरा कंटाळून बसतो. मग गच्चीला उंचवटे आणि खड्डेच पडणार. गाण्यामुळे सगळ्यांच्या काठ्या एकाच वेळी आणि साधारण सारख्याच जोराने पडतात. पाऊल ठरलेलं असल्यामुळे प्रत्येक जण थोडा थोडा सरकत राहतो आणि एकही कोपरा सुटत नाही. शिवाय गाता येईल इतकाच वेग ठेवायचा म्हटल्यावर कुणी घाई करून दमत नाही. म्हणजे ते गाणं मुकादमाचंही काम करतं आणि घड्याळाचंही! मला तर वाटतं, ज्या कुणाला पहिल्यांदा हे सुचलं, त्याला इंजिनिअरही म्हणायला हवं आणि नृत्यगुरूही.

आज हा आर्काचा नाच रंगमंचावरही करतात, हातात तशाच काठ्या घेऊन. गच्ची नसते, पण पावलं तीच असतात.

बरं, एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली का? ही माणसं कष्टाचं काम करताना गातात. आणि कुठे? ल्हासात, समुद्रसपाटीपासून ३६५० मीटर उंचीवर. आपलं कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर. म्हणजे महाराष्ट्रातल्या सगळ्यात उंच टोकाच्या दुपटीहूनही वर ल्हासा आहे. आपण पहिल्यांदा तिथे गेलो तर जिना चढताना धाप लागते, डोकं दुखतं, रात्री झोप येत नाही. नाचणं आणि गाणं तर सोडाच!

का बरं? तिथल्या हवेत ऑक्सिजन कमी असतो, असं आपण सर्रास म्हणतो. पण नीट बघा हं. हवेतला ऑक्सिजनचा वाटा मुंबईत २१ टक्के आणि ल्हासातही २१ टक्केच. फरक आहे तो हवेच्या दाटपणात. हवेला वजन असतं. मुंबईच्या हवेवर वरच्या सगळ्या हवेचं ओझं असतं, त्यामुळे ती दाबली जाते आणि तिचे कण जवळजवळ येतात. उंचावर डोक्यावरची हवाच कमी, म्हणून ओझं कमी, म्हणून कण दूर दूर. मुंबईत एका श्वासात ऑक्सिजनचे १०० कण आत गेले असं धरलं, तर ल्हासात तेवढ्याच श्वासात साधारण ६५ जातील. छाती तेवढीच फुगते, पण हाती कमी लागतं.

आपल्यासारखा सखल भागातला माणूस वर गेला की त्याचं शरीर एक उपाय करतं. ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या लाल पेशी वाढवत सुटतं. उपाय बरा आहे, पण पेशी फार वाढल्या की रक्त दाट होतं आणि ते ढकलताना हृदयाची दमछाक होते. तिबेटी लोकांच्या शरीराने वेगळी वाट धरली आहे. त्यांच्या रक्तात लाल पेशी फारशा वाढत नाहीत, रक्त पातळच राहतं. मात्र त्यांच्या रक्तवाहिन्या चांगल्या रुंद होतात आणि रक्त भरभर फिरतं. श्वासही ते आपल्यापेक्षा जास्त घेतात. गाडीत माल कमी बसतो ना, मग फेऱ्या वाढवा!

हे कशामुळे होतं त्याचा एक मोठा धागा शास्त्रज्ञांना २०१० मध्ये सापडला. 'ईपास-१' नावाचं एक जनुक आहे. त्याचं एक खास रूप बहुतेक तिबेटी लोकांत आढळतं आणि तेच लाल पेशींना आवर घालतं. मग २०१४ मध्ये आणखी मोठं नवल उघड झालं. जनुकाचं हे रूप डेनिसोव्हन नावाच्या, केव्हाच नामशेष झालेल्या एका मानवजातीकडून आलं आहे! सैबेरियातल्या डेनिसोवा गुहेत सापडलेल्या करंगळीच्या एका चिमुकल्या हाडातून ही माणसं २०१० मध्येच जगाला माहीत झाली होती. फार फार पूर्वी आपले पूर्वज आणि डेनिसोव्हन एकमेकांना भेटले, त्यांना मुलंबाळं झाली आणि त्या वारशातला हा तुकडा उंचावर राहणाऱ्यांच्या कामी आला.

पण सैबेरियातली गुहा काही फार उंचावर नाही. मग उंचीवर उपयोगी पडणारं जनुक त्यांच्याकडे कसं? त्याचा सुगावाही तिबेटच्या पठारावरच लागला. पठाराच्या ईशान्य कडेला शियाहे म्हणून गाव आहे. तिथल्या ३२८० मीटर उंचीवरच्या गुहेत १९८० मध्ये एका बौद्ध भिक्षूला अर्धा जबडा मिळाला होता. तो कितीतरी वर्षं अभ्यासाविना पडून होता. २०१९ मध्ये शास्त्रज्ञांनी सांगितलं, हा जबडा डेनिसोव्हन माणसाचा आहे आणि निदान १ लाख ६० हजार वर्षांपूर्वीचा आहे. म्हणजे त्या पातळ हवेत माणूस तेव्हाही श्वास घेत होता!

आता कुणी म्हणेल, जनुक आहे म्हणून त्यांना नाच येतो. छे! जनुकाने दम दिला. नाच शिकावाच लागतो, त्यांनाही आणि आपल्यालाही.

आता कपड्यांकडे या. तिबेटी नाच पाहताना सगळ्यात आधी डोळ्यांत भरतात त्या बाह्या. हाताची बोटं संपली तरी बाही संपत नाही, चांगली हातभर खाली लोंबते. इतकी लांब बाही कशाला? नाचताना छान दिसावी म्हणून? दिसते छानच, पण मूळ गोष्ट थंडीची आहे.

या पेहरावाला छुबा म्हणतात. डगल्यासारखा, कमरेला पट्ट्याने बांधलेला. तिबेटची हवा पातळ आणि कोरडी असल्यामुळे ती ऊन फारसं अडवत नाही आणि ऊबही धरून ठेवत नाही. त्यामुळे उन्हात उभं राहिलं तर कातडी भाजते आणि दोन पावलं सावलीत सरकलं तर हुडहुडी भरते. मग मेंढपाळाने करावं काय? थंडी वाजली की हात लांब बाहीच्या आत ओढून घ्यायचे, झाले हातमोजे. ऊन तापलं की एक हात बाहेर काढायचा आणि ती बाही पाठीमागे लोंबत सोडायची. रात्री पट्टा सोडला की छुब्याचं पांघरूण. आणि पट्ट्याच्या वर छातीपाशी जो फुगा येतो त्यात लाकडी वाटी, खाण्याची पुरचुंडी, कधीकधी कोकरूसुद्धा मावतं. असला भारी कपडा मला फार आवडतो!

अशी बाही अंगावर असताना माणूस नाचायला लागला की ती कशी गप्प बसेल? पूर्व तिबेटमध्ये, खाम प्रांतातल्या बाथांग गावाचा बाह्यांचा नाच फार नावाजलेला आहे. सगळे गोल करतात आणि पुढचा माणूस पीवांग नावाचं छोटं तंतुवाद्य गजाने वाजवत सगळ्यांना घेऊन चालतो. बाह्या वर जातात, हवेत पसरतात, खाली येतात.

यात एक गंमत दडली आहे. ती कळायला आईची ओढणी घ्या (विचारून!). एक टोक मुठीत धरा आणि मनगटाला वर-खाली झटका द्या. काय दिसतं? मुठीपाशी उठलेली लाट कापडातून धावत पुढे जाते आणि दुसऱ्या टोकाला उशिरा पोचते. तुमचा हात खाली आलेला असतो तेव्हा ओढणीचं टोक नुकतंच वर चाललेलं असतं. आता टाळी वाजेल नेमकं त्याच क्षणी टोक वर पोचलं पाहिजे, असं करून बघा. जमत नाही ना? हात थोडा आधीच हलवावा लागतो. तिबेटी नर्तकाला हे प्रत्येक ठेक्याला करावं लागतं. त्याची पावलं तालावर पडत असतात आणि हात तालाच्या किंचित पुढे पळत असतो. पुढच्या वेळी असा नाच पाहाल तेव्हा फक्त मनगटांकडे बघत राहा.

मुलांच्या आवडीचा नाच म्हणाल तर याकचा. एका केसाळ कातड्याखाली दोन माणसं शिरतात, एक पुढचे पाय होतो आणि दुसरा मागचे. मग हा याक शिंगं हलवतो, शेपूट उडवतो, बसतो, हट्ट करतो आणि मधेच प्रेक्षकांवर धावून जातो. पोरांची जी पळापळ होते! खरा याक हंबरत नाही, घुरघुरतो. आपल्या गाई-बैलांना फासळ्यांच्या १३ जोड्या असतात, याकला बहुधा १४. छातीचा पिंजरा मोठा, फुप्फुसं मोठी, हृदय मोठं. पातळ हवेचा आणखी एक पहिलवान! त्याच्या मादीला 'द्री' म्हणतात. तिच्या दुधाचं लोणी, त्या लोण्याचा खारट चहा, याकच्या केसांचे तंबू, वाळलेल्या शेणाचं जळण. झाडंच नसलेल्या उजाड माळावर शेणाशिवाय चूल पेटणार कशी? ज्याच्यावर सगळं घर चालतं, त्याला नाचात मानाची जागा मिळणारच.

आता जरा पुलाची गोष्ट, पण ती सुरू होते नाटकापासून. तिबेटच्या संगीतनाटकाला 'ल्हामो' म्हणतात. मोठ्या तंबूच्या छताखाली, उघड्यावर, चहूबाजूंनी लोक बसलेले, आणि एकेक नाटक दिवसभर चालणारं. ल्हासात दरवर्षी उन्हाळ्यात शोतोन नावाचा दह्याचा उत्सव असतो, तेव्हा नोर्बुलिंका बागेत हे खेळ होत. लोक डबे घेऊन येत, गप्पा मारत, चहा पीत आणि नाटक बघत.

हे ल्हामो सुरू केलं कुणी? तर परंपरा सांगते, पूल बांधणाऱ्याने! त्याचं नाव थांगतोंग ग्याल्पो. पंधराव्या शतकातला हा साधू. तिबेटच्या नद्या थंडगार आणि वेगवान. नाव उलटली की माणूस गेलाच. याने ठरवलं, लोखंडी साखळ्यांचे पूल बांधायचे. त्याने असे ५८ पूल बांधले असं सांगतात. ल्हासाजवळ यारलुंग त्सांगपो नदीवरचा त्याचा मोठा पूल १४३० मधला. ही त्सांगपो म्हणजे आपली ब्रह्मपुत्राच बरं का, फक्त तिच्या वरच्या अंगाला. पुलासाठी लोखंड हवं, लोखंडासाठी पैसा हवा. गोष्ट अशी आहे की कामावर सात बहिणी होत्या, गोड गळ्याच्या. थांगतोंगने त्यांना नाच-गाणं बसवून दिलं, स्वतः ताल धरला आणि गावोगावी खेळ करून पुलासाठी वर्गणी जमवली. म्हणून तिबेटी नटमंडळी आजही त्याला आपला गुरू मानतात आणि खेळाच्या जागी पांढऱ्या दाढीच्या थांगतोंगची मूर्ती किंवा चित्र ठेवतात.

साखळीचा पूल मोठा हुशारीचा असतो. नदीत खांब उभे करायला नकोत. दोन काठांवर साखळ्या घट्ट रोवल्या की झालं. सगळं वजन साखळ्या ओढून धरतात. फक्त असा पूल झुलतो. आणि सगळे जण एका तालात पावलं टाकत निघाले, आणि तो ताल पुलाच्या झोक्याशी जुळला, तर झोका वाढतच जातो. म्हणजे बघा, तालावर नाचून ज्या पुलासाठी पैसे जमवले, त्याच पुलावरून जाताना ताल मोडून चालायचं!

ल्हामोच्या सुरुवातीला निळे, चपटे मुखवटे घातलेले शिकारी येतात. ते जागा शुद्ध करतात अशी कल्पना. त्यांच्या कमरेला काळ्या-पांढऱ्या लोकरीच्या दोऱ्यांची झालर असते. उभे असताना ती लोंबत असते. पण शिकारी गिरकी घ्यायला लागला की दोरे उचलले जातात आणि छत्रीसारखे पसरतात. प्रत्येक दोऱ्याला सरळ पळून जायचं असतं, कमर त्याला धरून ठेवते. या ओढाताणीत तो आडवा होतो. गिरकी जितकी जोरात, तितकी छत्री सपाट. शेवटी शिकारी स्वतःच अंग जवळजवळ आडवं करून हवेत फिरत फिरत गोल मारतो. एक फेरा झाला की प्रेक्षक थांबू देत नाहीत. पातळ हवा, बरं का! तो ६५ कणांचा श्वास आठवा.

१९५९ साली तिबेटवर फार वाईट वेळ आली. चीनच्या राजवटीविरुद्ध ल्हासात उठाव झाला, तो चिरडला गेला आणि तिबेटींचे धर्मगुरू दलाई लामा यांना हिमालय ओलांडून भारतात यावं लागलं. त्यांच्यामागे हजारो माणसं आली, पोरंबाळं घेऊन, बर्फातून चालत. अन्न नाही, घर नाही. अशा वेळी त्यांनी जी पहिली कामं हाती घेतली त्यांत एक कोणतं असेल? त्याच वर्षी कालिम्पाँगला नाच-गाणी जपणारी संस्था सुरू केली! तीच पुढे धरमशाळेला गेली आणि आज टिपा या नावाने ओळखली जाते. म्हाताऱ्या कलावंतांच्या आठवणीतली नाटकं, गाणी, पावलं तिथे तरुणांना शिकवली जातात. मला याचं फार अप्रूप वाटतं. सामानात आणता येईना, तेव्हा या लोकांनी नाच अंगातच भरून आणला.

आणि तिबेटी गाव बघायला हिमालयातच जायला हवं असंही नाही. आपल्या महाराष्ट्रात, गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावजवळ नोर्ग्येलिंग नावाची तिबेटी वसाहत आहे, १९७२ पासून. भाताची शेती आणि उन्हाळ्यात विदर्भाचं ते भाजणारं ऊन! थंडीच्या देशातली माणसं तिथे रुजली. हिवाळ्यात तुमच्या शहरात स्वेटर विकायला येणारे तिबेटी काका-काकू अशाच कुठल्या तरी वसाहतीतले असतात.

त्यांचं नवं वर्ष म्हणजे लोसर, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येतं. तेव्हा हमखास गोरशे होतो. गोरशे म्हणजे गोल करून करायचा नाच. यात नर्तक वेगळे आणि प्रेक्षक वेगळे असं काही नसतं. आजीही गोलात आणि नातही. भारतातल्या आणि परदेशातल्या कितीतरी तिबेटी तरुणांनी तर बुधवार हा खास आपल्या भाषेचा, जेवणाचा आणि नाचाचा वार ठरवला आहे. बुधवार हा दलाई लामांचा शुभ वार मानतात, म्हणून. धरमशाळेत बुधवारी संध्याकाळी गाणं लागतं आणि गोल जमतो.

असा गोल कधी समोर आला, प्रत्यक्षात किंवा पडद्यावर, तर आधी फक्त पावलं बघा. चाली बहुतेक छोट्या असतात आणि पुन्हा पुन्हा तशाच येतात, दोन-तीन फेऱ्यांत ओळखू यायला लागतात. जमिनीवर ठेका कुठे पडतो ते मोजा. मग मनगटं बघा. कितीतरी गाणी संथ सुरू होतात आणि मग एकदम वेग घेतात. त्या वळणावर नवखे लोक हमखास चुकतात, तेव्हा तिथे कान टवकारून ठेवा. आणि आत शिरायची वेळ आली तर ज्याला नाच चांगला येतो त्याच्या शेजारी नाही, त्याच्या बरोबर समोर, गोलाच्या पलीकडच्या बाजूला उभे राहा. तिथून त्याचे पाय स्वच्छ दिसतात.